देवतानुस्सति: देवांचे स्मरण, पण मागणे नाही

बौद्ध साधनेतील सहा अनुस्सतींपैकी (वारंवार करायच्या स्मरणांपैकी) ही शेवटची. बुद्ध, धम्म, संघ, शील आणि त्याग यांचे स्मरण झाल्यावरच हिला हात घालावा, नाहीतर मन स्वर्गाची चित्रे रंगवत बसते. उपोसथाचा दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येसारखा व्रताचा दिवस, यासाठी उत्तम.

एकांतात ताठ बसा. देवलोक खालून वर मनात म्हणा: चातुर्महाराजिक, तावतिंस, याम, तुषित, निम्मानरती, परनिम्मितवसवत्ती, मग ब्रह्मकायिक. नावे पुरेत, महाल आणि अप्सरांकडे वळू नका. मग म्हणा, ‘ज्या श्रद्धेमुळे हे देव इथून च्युत होऊन तिथे उत्पन्न झाले, तशी श्रद्धा माझ्यातही आहे.’ हेच शील, श्रुत (ऐकून मिळवलेले धम्मज्ञान), त्याग आणि प्रज्ञा यांबाबत करा.

खरे काम इथे आहे. प्रत्येक गुणाला पुरावा द्या. शील म्हणजे मागच्या उपोसथापासून पंचशीलांपैकी कोणते अभंग राहिले? त्याग म्हणजे परतफेडीची आशा न ठेवता काय दिले? उत्तर सापडले नाही तर ओढूनताणून आणू नका. तो गुण कच्चा आहे एवढे नोंदवून पुढे जा. ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषांच्या साधनाग्रंथानुसार देव इथे साक्षीच्या जागी असतात, स्मरण आपल्याच गुणांचे. त्यामुळे नवस किंवा याचना आली की साधना सुटलीच.

दुसरी चूक स्वर्ग कायमचा समजण्याची. तावतिंसात माणसांची 100 वर्षे म्हणजे एक दिवस-रात्र, आणि आयुष्य अशा 1000 दिव्य वर्षांचे, म्हणजे आपली 3 कोटी 60 लाख वर्षे. तरीही ते संपते. आयुष्य सरत आलेल्या देवाच्या माळा कोमेजतात, वस्त्रे मळतात, काखेत घाम येतो, कांती उतरते, आसनावर मन रमत नाही. त्या वेळी इतर देव त्याला सुगती चिंततात, आणि देवांच्या लेखी सुगती म्हणजे मनुष्यलोक! इथून तिथे जाणारा कायमचा आत्माही कोणी नाही. कर्माच्या प्रत्ययाने (कारणाने) पुढचे चित्त उत्पन्न होते.

‘या शीलाने मी देव होईन’ ही इच्छा तर पाच चित्तबंधनांत मोजली आहे. ती डोकावली तर पुन्हा पुराव्याकडे या.

गुण गंभीर आणि नाना प्रकारचे असल्याने या स्मरणाने उपचार समाधीपर्यंतच, म्हणजे पूर्ण ध्यानाच्या उंबरठ्यावरच्या एकाग्रतेपर्यंतच, जाता येते. पूर्ण ध्यान लागत नाही म्हणून बसण्याची वेळ वाढवू नका. नीवरणे (मनाचे अडथळे) शमली की आनापानाकडे, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाकडे, वळा.