वाचनालय वाचवायचं असेल तर आधी कपाट उघडा, मग घोषणा द्या

विदर्भातल्या गावचं सार्वजनिक वाचनालय एका दिवसात बंद पडत नाही. आधी ते संध्याकाळचं उघडेनासं होतं. मग पेपर यायचे थांबतात, एका वर्षीचा वार्षिक अहवाल जात नाही, अनुदानाचा हप्ता अडकतो, ग्रंथपाल पोटासाठी दुसरं काम धरतो. शेवटी ग्रामपंचायत म्हणते, खोली रिकामीच आहे तर परत द्या. गावाला जाग येते ती या टप्प्यावर, आणि लगेच मोर्चाची भाषा सुरू होते. मोर्चा काढाच, पण तो कितवं काम आहे हे कळलं पाहिजे.

शासनमान्य वाचनालयाकडे सगळ्यात मोलाची वस्तू असते ती शासनाची मान्यता. 2012 साली महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नवीन मान्यता, दर्जावाढ वर्षानुवर्षं थांबून राहिल्या. पुस्तकं पुन्हा घेता येतात, खोली दुसरी मिळते. गेलेली मान्यता परत मिळवताना मात्र चपला झिजतात. म्हणून जी काही धावपळ करायची, ती मान्यता धरून ठेवण्यासाठी आधी करा.

दुखणं कुठं आहे ते पाहा

बहुतेक वाचनालयं 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. त्यामुळे एकाच वाचनालयाचे तीन धनी होतात. मान्यता आणि अनुदान जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे, संस्थेचा कारभार सहायक धर्मादाय आयुक्ताकडे, आणि खोली बहुधा ग्रामपंचायतीची. लोक खोलीचं भांडण घेऊन जिल्हाधिकाऱ्याकडे जातात, तिथून अर्ज 'पुढील कार्यवाहीसाठी' फिरत फिरत पुन्हा ग्रामपंचायतीतच येतो. दोन महिने गेले.

पाच-सात जण बसा आणि हे कागद एका फाइलीत लावा: दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, परिशिष्ट 1 चा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीचा) उतारा, संस्थेची घटना, मान्यतेचा आदेश, शेवटचा तपासणी अहवाल, शेवटच्या अनुदानाचा आदेश, शेवटचं लेखापरीक्षण आणि खोलीचा नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा) उतारा. सचिवाकडे कागद नसतील किंवा तो द्यायला कुरकुरत असेल, तर त्याच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. परिशिष्ट 1 ची नक्कल धर्मादाय कार्यालयातून मिळते. तपासणी अहवाल आणि अनुदानाचे आदेश जिल्हा ग्रंथालय कार्यालयातून माहिती अधिकारात मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, आणि अर्ज बहुधा इथंच फेटाळले जातात. 'वाचनालय का बंद पडलं ते सांगा' असं लिहिलं की उत्तर येतं, अशी माहिती उपलब्ध नाही. 'मागील पाच वर्षांचे तपासणी अहवाल, अनुदान मंजुरी आदेश आणि या कालावधीत वाचनालयाला पाठवलेली त्रुटींची पत्रं यांच्या प्रती मिळाव्यात' असं लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. त्रुटींचं पत्र हातात आलं की अर्धं निदान झालं समजा.

मेलेली कार्यकारिणी जिवंत करणं

इथं घोडं सगळ्यात जास्त पेंड खातं. घटनेप्रमाणे निवडणूक दहा वर्षं झालेली नाही, अध्यक्ष वारले, एक सदस्य पुण्याला मुलाकडे राहायला गेला, बँकेत सही चालते ती दोघांचीच आणि त्यातला एक अंथरुणावर. असं असताना नवे उत्साही लोक परस्पर 'नवी कमिटी' जाहीर करतात. कायद्याच्या नजरेत ती कमिटी म्हणजे काहीच नाही. तिच्या सहीनं ना बँक व्यवहार करील, ना अनुदान येईल.

रीतसर रस्ता असा: घटनेत सांगितल्याइतक्या दिवसांची नोटीस देऊन सर्वसाधारण सभा घ्या. नोटीस सगळ्या सभासदांना मिळाल्याच्या सह्या ठेवा, बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टानं पाठवा. सभेत निवड करा, इतिवृत्त त्याच रात्री लिहा. मग विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल अर्ज, म्हणजे परिशिष्ट 3, बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करा. मुदत गेली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागतो. मयत विश्वस्ताचा मृत्यूचा दाखला, राजीनामा दिलेल्याचं पत्र, नव्यांची संमतिपत्रं नसली की अर्ज लोंबकळतो. जुन्या कार्यकारिणीतलं कोणीच उरलं नसेल, तर हितसंबंधित व्यक्ती म्हणून कलम 47 खाली नवे विश्वस्त नेमण्याचा अर्ज करता येतो. हे काम तालुक्याच्या ओळखीच्या वकिलापेक्षा धर्मादायची प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडे द्या. फी थोडी जास्त जाईल, तारखा कमी पडतील.

एक सावधगिरी. कार्यकारिणी निवडताना गावातल्या दोन्ही गटांची माणसं घ्या. एका पार्टीचं वाचनालय झालं की पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीनंतर त्याला कुलूप लागलंच म्हणून समजा.

पुस्तकांची मोजणी आणि रजिस्टरं

तपासणीला येणारा अधिकारी भाषण ऐकत नाही, रजिस्टर पाहतो. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी), देवघेव नोंद, वर्गणीदारांची नोंदवही, वाचकांच्या सह्यांचं रजिस्टर, कर्मचाऱ्याचं हजेरीपत्रक, इतिवृत्त, रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं, व्हाउचर, जडसंग्रह (कपाट-टेबलासारख्या सामानाची नोंद). यातलं जे नाही ते आजपासून सुरू करा. मागच्या तारखा टाकून एका शाईत, एका हस्ताक्षरात वर्षभराच्या सह्या भरू नका. 2012 च्या पडताळणीनंतर असल्या गोष्टींकडे फार बारकाईनं पाहिलं जातं, आणि एक खोटं रजिस्टर खऱ्या दहांवर पाणी फिरवतं.

मोजणीला जोड्या करा. एकानं दाखल नोंदवहीतला क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं पुस्तक काढून शिक्का आणि क्रमांक पाहायचा. एका जोडीचे तासाला शंभरेक ग्रंथ होतात. तीन हजारांचं वाचनालय चार जोड्या दोन रविवारांत उरकतात. प्रत्येक क्रमांकापुढं पेन्सिलीनं खूण करा: आहे, वाचकाकडे, फाटलेलं, गहाळ. गहाळ पुस्तकांची यादी पारावर लावा आणि दंड माफ म्हणून दवंडी द्या. महिनाभरात बरीच पुस्तकं पिशवीतून, कधी रात्री दारासमोर, परत येतात. उरलेली कार्यकारिणीचा ठराव करून बाद करण्यासाठी मंजुरीला पाठवा. परस्पर रद्दीत घालणं महागात पडतं.

मोजणी चालू असतानाच कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि विटांवर चढवा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतूनच वाळवी पुस्तकात उतरते. कडुलिंबाची पानं ठेवून वाळवी हटत नाही. भिंतीतली तिची वाट मोडून औषध मारावं लागतं.

ग्रामसभा

ग्रंथालय आणि वाचनालय चालवणं हे ग्रामपंचायतीच्या कामांच्या अनुसूचीतच आहे. 'हे आमच्याकडे येत नाही' असं कोणी म्हटलं तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 ची पहिली अनुसूची काढून दाखवा.

ग्रामसभेचा विषय सूचनापत्रात आला पाहिजे. ऐनवेळी उठून बोललं की 'आयत्या वेळचा विषय' म्हणून वाऱ्यावर जातं. त्यामुळे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडे, विषयाचं पत्र पंधरा दिवस आधी द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या. पाचशे मतदारांच्या गावात 75 माणसं लागतात. सोयाबीन काढणीत किंवा पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीत ती जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे विरोधकांनाही माहीत असतं; म्हणून त्या दिवशीही आपली माणसं हजर ठेवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथंच विषय पहिल्यांदा मांडा. बचत गटाच्या बाया एकदा ठाम झाल्या की पुढच्या सभेत सरपंचाला टाळाटाळ जड जाते. निरोपासाठी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतरची पाच मिनिटं व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा चांगली.

ठराव मोघम नको. 'वाचनालय सुरू राहावे अशी ग्रामसभेची इच्छा आहे' या ठरावाचा उपयोग शून्य. असा घ्या:

'नमुना 8 मधील मालमत्ता क्रमांक अमुक ही खोली सार्वजनिक वाचनालयाच्या वापरासाठी तीन वर्षांच्या कराराने देण्यात यावी. तिचे वीजबिल ग्रामपंचायत निधीतून भरावे. पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात खोलीचे छत, दोन पंखे व अभ्यासिकेची टेबले यांची तरतूद करावी.'

जास्त मुदतीच्या करारासाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती वाट पाहत बसू नका. सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या वॉर्डांतले ठेवा. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात काढून घ्या.

खोली 'धोकादायक' म्हणून रिकामी करायला सांगितली असेल, तर बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचा अहवाल मागा. तोंडी धोका पुष्कळ वेळा गाळे काढायचे ठरल्यावर निर्माण होतो. खरोखरच छत गेलं असेल तर पुस्तकं हलवा, पण पर्यायी जागेचं पत्र हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि इमारत संस्थेच्या मालकीची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती कोणालाही विकता येत नाही, विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36.

पैसा

अनुदान उशिरा येतं आणि सगळा खर्च भागवत नाही, हे धरूनच चाला. दरमहा वर्गणी विदर्भातल्या गावात टिकत नाही. आषाढ-श्रावणात कोणाकडेच हातात पैसा नसतो. कापूस-सोयाबीन विकून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत वर्षाची एकदम घ्या. महिना 20 रुपये धरले तर घरामागं 240. 120 घरांचे 28,800 होतात. पेपर, वीज आणि संध्याकाळी उघडणाऱ्या पोराचं थोडं मानधन त्यात निघतं. प्रत्येकाला छापील पावती, आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच. सचिवाच्या स्वतःच्या नंबरवर आलेल्या शंभर रुपयांनीही चांगली चळवळ फुटते. वीजबिल व्यापारी दरानं येत असेल तर महावितरणकडे सार्वजनिक सेवा वर्गवारीसाठी अर्ज करा.

पुस्तकं आणि कपाटांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, प्रस्ताव ग्रंथालय संचालनालयाच्या मार्गानं जातो. कोळसा पट्ट्यातली गावं खाण कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीकडे पाहतात. पण त्यासाठी संस्थेकडे आयकराची 12अ आणि 80जी नोंदणी लागते, ती लहान वाचनालयाकडे क्वचितच असते. अशा वेळी रोख न मागता ग्रामपंचायतीमार्फत टेबल-खुर्च्या मागणं सोपं.

मग मोर्चा

निवेदन एका पानाचं, मागण्या तीनच, सोबत ठरावाची नक्कल आणि सह्या. सहीसमोर घर क्रमांक असू द्या. भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली पुढं ठेवा, कारण आज खेड्यातलं वाचनालय मुख्यतः तेच वापरतात. एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला, एक विभागाच्या सहायक ग्रंथालय संचालकाला (नागपूर किंवा अमरावती), एक आमदाराला. मोर्चा किंवा धरणं असेल तर ठाणेदाराला आधी लेखी कळवा. जमावबंदी लागू असली की पहिल्या पाच मिनिटांतच नावं लिहून घेतली जातात, आणि भरतीच्या पोरांवर गुन्हा नको.

डिसेंबरचं नागपूर अधिवेशन आपल्या दारात भरतं. प्रश्न विचारायला लावायचा असेल तर आमदाराला माहिती महिनाभर आधी द्या, अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेला कागद गाडीच्या डिकीत राहतो.

या सगळ्या काळात वाचनालय रोज उघडं राहिलं पाहिजे, संध्याकाळी 5 ते 8 तरी. किल्ल्या दोघांकडे. मान्यता रद्द का करू नये अशी नोटीस आलीच तर मुदतीच्या आत लेखी खुलासा द्या, आणि सुनावणीला तिघं जा: एक विश्वस्त, एक रजिस्टरं सांभाळणारा, एक वर्गणीदार. मूळ रजिस्टरं दाखवायला न्या, पण ठेवून येऊ नका. ठेवायच्या त्या साक्षांकित प्रती.