सोसायटीचा गणेशोत्सव: खाण्याच्या बाजूची तयारी

लोकांचं वजन आटोक्यात राहावं म्हणून यंदा उत्सवातलं आणि घरातलं तेल-साखर कमी करायचं ठरवलं असेल, तर नागपंचमीपर्यंत हे काम हातात घेतलेलं असावं. त्यानंतर चतुर्थीला जेमतेम महिना उरतो, आणि आचाऱ्याला एकदा इसार दिला की मेन्यू दगडावरची रेघ होतो. म्हणून सगळ्यात आधी महाप्रसादाचा मेन्यू कागदावर उतरवायचा, कमिटीत वाचून घ्यायचा आणि मगच इसाराचे पैसे द्यायचे. दहा दिवस रोज शे-दोनशे माणसं एका मांडवाखाली येतात. व्याख्यानाला बोलावलं तर यातली वीससुद्धा यायची नाहीत. ताटच बदललं तर मात्र सगळ्यांच्या पोटापर्यंत पोचतं.

बैठकीत कुणीतरी विचारणारच, की आपल्याकडे एवढं काय झालंय. तेव्हा आकडा जवळ असू द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल निघाले. शहरी स्त्रियांत हे प्रमाण जवळजवळ तिघींत एक आहे. एवढं सांगून थांबा. आणखी आकडे काढले की लोक मोबाईल काढतात.

बैठकीला बोलावायच्या माणसांत एक नाव नेहमी राहून जातं, ते म्हणजे घराघरांत पोळ्या-भाजी करणाऱ्या मावशींचं. आमच्यासारख्या सोसायट्यांत निम्म्या घरांच्या कढईत तेल त्याच ओततात. मालकीणबाई ऑफिसात बसून ‘तेल कमी’ असा निरोप पाठवतात, आणि भाजी तेलात पोहत नसली की संध्याकाळी ‘आज चव नाही’ म्हणणारेही त्याच घरातले. तेव्हा मावशींसाठी वेगळी वेळ ठेवा, दुपारी दोन-अडीचची, कामं उरकल्यावरची. चहा द्या, शिकवायला जाऊ नका, त्यांनाच विचारा की कुठल्या घरात किती तेल लागतं. प्रत्येकीला ५ मिलीचा मापाचा चमचा द्या आणि ‘चव नाही’चा ठपका त्यांच्यावर येणार नाही, एवढं घरमालकांकडून कबूल करून घ्या. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

मग तेलाचा फॉर्म. यात दोनच प्रश्न हवेत: महिन्याला घरात तेल-तूप मिळून किती येतं आणि खाणारी तोंडं किती. नाव, फ्लॅट नंबर काही नको, कागद घडी करून डब्यात टाकायचा. हिशेब असा मांडा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास तेल जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या ताटात तेल-तुपाला साधारण २७ ग्रॅम जागा दिली आहे. वडापाव, फरसाण, बाहेरची भाजी या डब्यात मोजलेलीच नाहीत. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये तेल १० टक्क्यांनी कमी करा म्हटलं होतं. वरच्या उदाहरणातल्या घरात ते म्हणजे महिन्याला अर्धा लिटर. हे ऐकायला सोपं वाटतं आणि करायलाही तसं सोपंच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

कंबर मोजायची असेल तर जरा काळजीने तयारी करा, कारण इथेच माणसं दुखावतात. क्लब हाऊसच्या खोलीत पडदा लावायचा, बायकांचं माप बाईनेच घ्यायचं, आकडा मोठ्याने वाचायचा नाही, चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. शिंप्याची जुनी टेप वापरू नका, ती ताणली जाते आणि माप कमी दाखवते. न ताणणारी टेप औषधांच्या दुकानात मिळते. माप बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर घ्यायचं नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी ठेवायची, श्वास सोडू द्यायचा आणि मग वाचायचं. पोट आत ओढणारे भेटतातच, त्यांच्याशी थोडं इकडचं-तिकडचं बोललं की श्वास आपोआप सुटतो. आपल्याकडच्या शरीरयष्टीला पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. बीएमआयलाही (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलपणा, असा आपला वेगळा हिशेब आहे. त्याच टेबलावर महापालिकेच्या दवाखान्याची वेळ लिहून ठेवा. तिशीपुढच्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी केंद्रांत होते.

‘सगळ्यात जास्त वजन घटवणाऱ्याला बक्षीस’ ही कल्पना कुणीतरी मांडेल. ती तिथल्या तिथे बाजूला ठेवा. लोक आठवडाभर उपाशी राहतात, औषधं घेणारे ज्येष्ठ तर चक्कर येऊन पडायचे.

नैवेद्याला हात लावायचा नाही. उकडीचे एकवीस मोदक व्हायलाच हवेत, त्यावर तूपही हवं. भांडण आहे ते रोज आरतीनंतर येणाऱ्या पेढे-बर्फीच्या बॉक्सशी. आरतीच्या यजमानांची यादी लावतानाच त्यांना सांगा की प्रसादाला पंचखाद्याची खिरापत, फुटाणे किंवा केळी आणा. खिरापतीतही खोबरं-साखर असतेच, पण ती तळहातावर चिमूटभर मिळते, पेढ्यासारखी ‘अजून एक घ्या हो’ म्हणत फिरत नाही. कोल्ड्रिंकचे क्रेट पुरस्कृत करायला कुणी तयार झालं, तर आभार मानून पाण्याचे जार मागा.

दुसरा दिवस ऋषीपंचमीचा, आणि तो आयता हातात आला आहे. ऋषीची भाजी अनेक घरांत फोडणीशिवाय, तेलाच्या थेंबाशिवाय शिजते. अळू, माठाची देठं, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, हिरवी मिरची, ओलं खोबरं, मीठ, चिंचेचा कोळ. बिनतेलाचं जेवण बेचव लागतं म्हणणाऱ्याला वाटीभर वाढा आणि गप्प बसा. सामूहिक करायची तर भाजी निवडायला आदल्या संध्याकाळी सात-आठ जण लागतील. अळू आणि सुरण चिरणाऱ्यांनी हाताला तेल चोळून घ्यावं (एवढं तेल माफ). चिंच सढळ हाताने घाला, नाहीतर घसा खवखवून पुढच्या वर्षी कुणी फिरकणार नाही.

महाप्रसादात पुरीऐवजी भाकरी ठरवली, तर ती केटररवर सोडू नका. बचत गटाच्या बायकांना आधीच सांगून ठेवा आणि ज्वारी दोन-तीन दिवस आधीच दळून घ्या. जुन्या पिठाला विरी राहत नाही, थापताना भाकरी कडेने तुटते आणि दोष बाईला मिळतो. मटकी दोन रात्री आधी भिजवून मोड आणायचे, पण भाद्रपदाच्या दमट हवेत फडकं घट्ट बांधून ठेवलं तर वास येतो, मोकळं ठेवा. कोशिंबीर वाढायच्या वेळीच कालवा, मीठ आधी घातलं तर पाणी सुटून काकडी मरते. मसालेभात, मठ्ठा राहू द्या. जिलेबीही राहू द्या, फक्त ती वाढणारा माणूस समजूतदार निवडा. आग्रहाचं काम हौशी तरुणांकडे दिलं की हिशेब बिघडतो.

आनंद मेळ्याच्या स्टॉलवाल्यांसाठी नियम थोडे ठेवा. तळण्याचे पदार्थ एकूण स्टॉलच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नकोत, आणि उरलेलं तळणीचं तेल दुसऱ्या दिवशी कढईत परत येणार नाही. मुलांना एक टेबल द्या. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहणं उत्तम मानते. मुलांनी वेगवेगळ्या बाटल्या-पाकिटांवरचे आकडे वाचून तेवढी साखर वाटीत मोजून शेजारी ठेवायची. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना असे ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले आहेत, त्यामुळे मुलांना हे नवीन नसेल. मोठ्यांना असतं. साखरेवर मुंग्या येतात, वाट्यांना झाकण हवं.

अनंत चतुर्दशी झाली की सगळे दमलेले असतात, फॉर्म पुन्हा भरून घ्यायची आठवण कुणालाच राहत नाही. ती जबाबदारी आत्ताच एका माणसाच्या नावावर टाका. दोन प्रश्न तेच, डबा तोच, आणि वेळ दसऱ्याच्या आसपासची. त्यानंतर फराळाचं तेल घरात येतं आणि तो आकडा तुलनेला धरता येत नाही.