जिहादी मूलतत्त्ववादाचा इतिहास वाचायचाय? १९७९ पासून मागे या

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हा विषय शिकवायला घेतला की निम्मा वर्ग सातव्या शतकात जाऊन बसतो. तिथून सुरुवात करू नका. विसाव्या शतकापर्यंत येईतो दमछाक होते, आणि खरा माल तर तिथेच आहे.

कोऱ्या पानाच्या तळाशी १९७९ लिहा. त्या वर्षी इराणमध्ये क्रांती झाली. नोव्हेंबरात जुहैमान अल-उतैबीच्या टोळीने मक्केची मशीद ताब्यात घेतली, ती सोडवायला सौदी सरकारला दोन आठवडे लागले. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. या तिन्हींची मोट बांधू नका. इराणची क्रांती शियांची, तर उतैबी सुन्नी आणि सौदी राजघराण्यावरच उलटलेला. अफगाण युद्धाने मात्र अरब तरुण पेशावरला आणले. अमेरिका आणि सौदीचा पैसा पाकिस्तानमार्फत अफगाण मुजाहिदांकडे जात होता. १९८८ मध्ये अल-कायदा निघाली ती याच गोतावळ्यातून.

आता वर सरका, इजिप्तच्या तुरुंगात. इथे घाई नको. सय्यद कुत्ब मुळात साहित्य समीक्षक. १९४८ ते १९५० अमेरिकेत राहून आला, मग मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तच्या इस्लामी संघटनेत गेला. १९५४ मध्ये इजिप्तचा नेता नासर याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, संघटनेची धरपकड झाली, कुत्बही आत गेला. तिथे छळ करणारेही मुसलमानच. त्याने लिहिलं, हा समाज इस्लामपूर्व अज्ञानात, जाहिलियात, जगतोय. राज्यकर्ता नावापुरताच मुसलमान ठरला की त्याच्यावर शस्त्र उगारायला वाट मोकळी. १९६६ मध्ये कुत्बला फाशी झाली. पुढच्याच वर्षी इस्रायलने सहा दिवसांत अरबांना हरवलं आणि नासरच्या राष्ट्रवादातली हवा गेली.

कुत्बच्या या मांडणीचा एक धागा मौदूदी या इस्लामी विचारवंताकडे जातो. जन्म १९०३, औरंगाबाद, म्हणजे आपलं संभाजीनगर. इथे मुलं हमखास मान वर करतात! पण शेजारी हेही टिपा: १९४१ मध्ये जमात-ए-इस्लामी काढणारा हा माणूस पाकिस्तानात निवडणुकीच्या वाटेने गेला, १९४८ च्या काश्मीरमधल्या लढाईला जिहाद म्हणायलाही तयार नव्हता. राजकीय इस्लाम आणि बंदूक यांचे रकाने वेगळे ठेवा. परीक्षेत नाही तर निदान डोक्यात.

ब्रदरहूडची सुरुवात १९२८ ची, इस्माइलियातली. सुएझ कालवा कंपनीचं गाव, बाजूला ब्रिटिश छावणी, आणि एकविशीतला शाळामास्तर हसन अल-बन्ना. वसाहतवाद नावाचा वेगळा धडा मग शिकवावा लागत नाही.

१७४४ चा अरबस्तानातल्या दिरिया इथला करार, अब्दुल वहाबचा मुलगा मुहम्मद (वहाबी पंथ याच्याच नावाचा) आणि सौद घराणं यांच्यातला, दोन ओळींत उरका. सगळ्यात वर दमास्कसचा धर्मपंडित इब्न तैमिया, चौदाव्या शतकाची सुरुवात. मंगोल मुसलमान झाले तरी कायदा चंगीझखानाचाच चालवतात, म्हणून त्यांच्याशी लढा, असा त्याचा फतवा. त्यापासून थेट १९८१ पर्यंत लाल पेनाने बाण ओढा: त्या वर्षी इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष सदात मारला गेला, त्याच्या मारेकऱ्यांच्या पुस्तिकेत आधार याच फतव्याचा आहे.