सर्व्हिस सेंटरला गाडी देण्याआधी

सर्व्हिसची तारीख ठरली की पहिल्यांदा डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल बाहेर काढा. त्याच्या शेवटाकडे देखभालीचा तक्ता असतो. आपले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरतील त्या रांगेवर बोट ठेवा आणि एका कागदावर दोन याद्या उतरवा: काय ‘बदला’ म्हटलंय आणि काय फक्त ‘तपासा’ म्हटलंय. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मॅन्युअलमधलं ‘तपासा’ काउंटरवर पोचेपर्यंत ‘बदला’ झालेलं असतं. इंजिन ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर लागतं तेही त्याच कागदावर घ्या. बिलात ऑइल तेवढंच दिसलं पाहिजे.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग ही नावं तक्त्यात शोधून बघा. बहुतेक गाड्यांच्या तक्त्यात ती नसतात. एसीला कुबट वास येत असेल तर ते काम जरूर करून घ्या, पण तो निर्णय तुमचा. ‘पॅकेजमध्ये येतं सर’ हे कारण नव्हे.

खर्चाचा अंदाज फोनवर नको, मेसेजवर मागवा. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर मॉडेल आणि किलोमीटर टाकले की सर्व्हिसचा खर्च दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. एक लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या बिलाशी तुलना करताना हे धरा.

आदल्या रात्री गाडी रिकामी करा, किल्लीला घरची किल्ली अडकवलेली नको, हे सगळ्यांना माहीत आहे. फोटो मात्र मन लावून काढा. ओडोमीटर, इंधनाचा काटा, चारही बाजू, स्टेपनी. टायरच्या कडेला ‘DOT’ या इंग्रजी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. पाचही टायरचे हे आकडे आणि बॅटरीवरचा नंबर फोटोत स्पष्ट यायला हवेत. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. काढा, कडेला मार्करने ठिपका द्या, परत बसवा. एअर फिल्टरलाही तसंच. बिल लागतं पण फिल्टर तोच राहतो, अशी शंका असणाऱ्याने एवढं तरी करावंच.

आता खरी गोष्ट. काउंटरवर जॉबकार्ड, म्हणजे गाडीच्या कामांची यादी असलेला कागद, बनताना त्यात एक ओळ लिहून घ्यायची: ‘बदललेले सर्व जुने पार्ट ग्राहकाला परत द्यावेत.’ बोलून नाही, लिहून. मागच्या वेळी नेमकं हेच तोंडी राहिलं होतं. ॲडव्हायझर ‘हो हो, ठेवतो ना’ म्हणाला, संध्याकाळी बिलात ब्रेक पॅड आणि केबिन फिल्टर दोन्ही लागले आणि जुने विचारले तर ‘ते स्क्रॅपमध्ये गेले सर’. त्यानंतर भांडायला हातात काहीच उरत नाही. पॅड खरंच झिजले होते का, बदलले तरी का, कशानेही सिद्ध होत नाही.

तोंडी का चालत नाही तेही समजून घ्या. ज्याच्याशी तुम्ही बोलता तो ॲडव्हायझर गाडीला हात लावत नाही. आत काम करणाऱ्या मेकॅनिककडे फक्त जॉबकार्ड जातं. त्यावर जे नाही ते त्याच्यासाठी नाही. काढलेले पार्ट दहा गाड्यांच्या ढिगात पडतात आणि दुपारनंतर कुणाचं काय ते खुद्द त्यालाही सांगता येत नाही. म्हणून ती ओळ. ‘सिस्टीममध्ये तसा रकानाच नाही’ असं सांगतील. ग्राहकाच्या तक्रारी लिहायला जागा असतेच, तिथे टाकायला लावा. तेही जमत नसेल तर छापील प्रतीवर पेनने लिहा, ॲडव्हायझरची सही घ्या आणि त्याच्यासमोर फोटो काढा. मागे रांग असली तरी हलू नका.

अपवाद आहेत, ते आधीच ओळखून ठेवा म्हणजे तिथे अडकणार नाही. वॉरंटीत फुकट बदललेला पार्ट कंपनीकडे जातो, तो घरी नेता येत नाही, पण बघता येतो. विम्याच्या दाव्यातले जुने भाग सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याच्या, हिशेबात धरलेले असतात. जुन्या बॅटरीची किंमत नव्या बॅटरीतून वजा होते, ती द्या, फक्त ती वजावट बिलात बघा. वापरलेलं ऑइल कुणी मागत नाही. बाकी फिल्टर, पॅड, प्लग, वायपर, बेल्ट, बल्ब सगळं डिकीत. जॉबकार्डावर ती ओळ आहे ना? सही करण्याआधी पुन्हा वाचा.

दुसरी ओळ त्याखालीच: ‘अंदाजाबाहेरचं कोणतंही काम विचारल्याशिवाय करू नये.’ कोऱ्या किंवा अर्धवट जॉबकार्डावर सही नाही. हल्ली सहीऐवजी मोबाइलवर ओटीपी येतो आणि ॲडव्हायझर सहज तो विचारतो. तो ओटीपी म्हणजे तुमची संमती आहे. मेसेजमधली लिंक उघडून कामांची यादी वाचल्याशिवाय आकडे सांगू नका. जॉबकार्डाची प्रत घेऊनच बाहेर पडा. आणि शनिवारी जाऊच नका, गर्दीत कुणाला तुमचं ऐकायला वेळ नसतो.

दुपारी फोन येणारच. ‘सर, ब्रेक पॅड पूर्ण गेलेत, गाडी चालवणं रिस्की आहे.’ घाबरून हो म्हणू नका. विचारा, किती मिलिमीटर उरलेत? फोटो पाठवा. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तीनच्या आसपास आला की बदलायला हवा, सहा असेल तर तो अजून चालतो. टायरचंही तसंच, नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला. आकडा सांगता येत नसेल तर ‘आज नको, जॉबकार्डावर शेरा लिहा’ म्हणा. मात्र ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर ही तीन कामं नको म्हणून विसरायची नाहीत. त्याच आठवड्यात ओळखीच्या गॅरेजवाल्याला दाखवा. अविश्वासापायी जीव धोक्यात घालू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. जे काही हो म्हणाल ते व्हॉट्सॲपवर लिहून म्हणा, किमतीसकट, आणि त्यातही ‘जुना पार्ट ठेवा’ पुन्हा लिहा. वाढीव कामाच्या वेळीच तो जास्त हरवतो.

टायर, बॅटरी, वायपर, अलाइनमेंट बाहेर स्वस्तात आणि चांगली होतात. कंपनीचे खास पार्ट बाहेर मिळवणं मात्र कठीण जातं. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग मोकळेपणाने मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिलं झाली. बाहेर फिरूनही पार्ट मिळत नाही त्यामागे हे कारण असतं, गॅरेजवाल्याचा आळस नव्हे.

गाडी घ्यायला उजेडात जा. आधी पैसे नाहीत. आधी बिलाचा मसुदा, शेजारी आपला कागद, एकेक ओळ जुळवा. ‘कन्झ्युमेबल्स’ नावाने रक्कम असेल तर त्यात काय काय ते विचारा. मग जुने पार्ट मागा. जितके बिलात तितके समोर आले पाहिजेत, ठिपका दिलेला फिल्टरही. नसेल तर ती ओळ बिलातून काढायला सांगा, जॉबकार्ड दाखवा. नंतर बॉनेट उघडा, डिपस्टिक म्हणजे ऑइल मोजायची पट्टी बघा: पातळी दोन खुणांच्या मध्ये आणि पेट्रोल गाडीत ऑइल मधासारखं पिवळट. डिझेलमध्ये नवं ऑइलही लगेच काळं पडतं, तिथे रंगावरून काही ठरवू नका. टायरचे आकडे, बॅटरीचा नंबर, ओडोमीटर फोटोंशी जुळवा. छोटी चक्कर मारा, मग पैसे. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या.

अपघाताचं काम विम्यातून असेल तर एवढंच: भाग जुना म्हणून विमा कंपनी कापते ती रक्कम, म्हणजे घसारा, प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के, काचेवर शून्य. विम्यात शून्य घसाऱ्याचं (झीरो डेप्रिसिएशन) कव्हर असेल तर गोष्ट वेगळी. काम बघितल्याशिवाय समाधानपत्रावर, म्हणजे काम नीट झालं असं लिहून देणाऱ्या कागदावर, सही नको.

घोळ झालाच तर तिथल्या सर्व्हिस मॅनेजरला लेखी द्या, दाद नाही दिली तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. सोबत जॉबकार्ड, बिल, मेसेज आणि फोटो तारखेनुसार लावून द्या.