क्लाउडवर फाइल आहे का, हे कोडमधून कसं तपासावं

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातलं एखादं अडत दुकान घ्या. गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पीडीएफ होऊन अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणीतल्या बकेटमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, जाते. शेतकरी पुन्हा प्रत मागायला आला की कोडने आधी बघायचं: पट्टी आहे का? असेल तर तीच द्यायची, नसेल तर नवी काढायची. पायथन, त्यातून एस-थ्रीशी बोलणारी बोटो-थ्री लायब्ररी आणि लॉगिनच्या किल्ल्या जागेवर आहेत, असं धरून चालतो.

विचारणं सोपं आहे. हेड ऑब्जेक्ट या फंक्शनला बकेटचं नाव आणि फाइलचं पूर्ण नाव द्या. फाइल उतरत नाही, नुसती साइज, तारीख वगैरे माहिती येते. ती आली म्हणजे फाइल आहे.

बकेटमधल्या नावांची यादी (लिस्ट) मागवून शोधा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. एका फाइलसाठी तो ऐकू नका. यादी गाळायला दिलेला प्रीफिक्स फक्त नावाची सुरुवात जुळवतो, त्यामुळे ‘पट्टी-१२’ विचारलं की ‘पट्टी-१२०’सुद्धा यादीत येते आणि कोड खुशाल ‘आहे’ म्हणतो. शिवाय लिस्टला पुटचा (फाइल चढवण्याचा) महाग दर लागतो, हेडला गेटचा (फाइल उतरवण्याचा) स्वस्त. एकाच प्रीफिक्सखालच्या हजारो फाइली पडताळायच्या असतील तर मात्र लिस्टच परवडते. एका कॉलला १००० पर्यंत नावं मिळतात.

खरी गोम ‘नाही’ ओळखण्यात आहे. फाइल नसली की बोटो-थ्री क्लायंट एरर फेकतं. बहुतेक नमुना कोडमध्ये कुठलीही एरर पकडून सरळ ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, परत करतात. असा कोड कामावर लावूच नये. नेट गेलं, किल्लीची मुदत संपली, परवानगी काढून घेतली, तरी कोड म्हणणार ‘पट्टी नाही’, आणि नवी पट्टी जुनीवर चढणार. उत्तरं तीन धरा: आहे, नाही, माहीत नाही. ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हा कोड, आला तरच ‘नाही’. बाकी प्रत्येक एरर वर जाऊ द्या, प्रोग्राम थांबला तरी चालेल.

यात दोन खाचा आहेत. हेडच्या उत्तराला मजकूर नसतो, म्हणून एररच्या कोडमध्ये ‘नो सच की’ (अशी फाइल नाही) शोधत बसू नका. तिथं नुसतं ‘४०४’ असतं, तेही आकडा म्हणून नव्हे, स्ट्रिंग म्हणून. आकड्याशी तुलना केली तर कधीच जुळणार नाही. दुसरं, बकेटचं नाव चुकलं तरी ४०४च येतो. प्रोग्राम सुरू होतानाच एकदा हेड बकेट करून बकेट आहे ना ते बघून घ्या.

आणि ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. फाइल नाही हे पक्कं ठाऊक असताना ४०३ का येतो, यावर लोक दिवस घालवतात. तुमच्या खात्याला बकेटची यादी बघायची परवानगी नसेल, तर नसलेल्या फाइलला एस-थ्री ४०४ देतच नाही. आत काय आहे आणि काय नाही, हे परक्याला कळू नये म्हणून. इथं ‘४०३ म्हणजेही नाहीच’ असं कोडमध्ये टाकणं हा शुद्ध आळस. पॉलिसीत, म्हणजे परवानग्यांच्या नियमांत, ‘लिस्ट बकेट’ द्या, पण कशावर ते बघा: ‘गेट ऑब्जेक्ट’ला रिसोर्स म्हणून बकेटच्या नावापुढे स्लॅश आणि तारा (/*) लागतो, ‘लिस्ट बकेट’ला नुसतं बकेट. दोन्ही एकाच तारेवाल्या ओळीत कोंबलं की पॉलिसी दिसायला बरोबर दिसते आणि ४०३ काही हटत नाही.

नावं बाइट-बाय-बाइट जुळावी लागतात. सुरुवातीला स्लॅश नको, आणि कॅपिटल-स्मॉल वेगळं धरलं जातं. मराठी नावांत तर जास्तच घोळ. ‘गुऱ्हाळ’ आणि ‘गुर्‍हाळ’ स्क्रीनवर सारखे दिसतात, पण पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि दुसऱ्यात र, हलंत व न दिसणारा जोडक. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे सारख्या अक्षरांचं एकच रूप करणं, तेही हे दोन एक करत नाही. फाइलला नंबरच द्या, मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवा.

‘माझी फाइल आत्ताच टाकली, लगेच दिसत नसेल’ ही सबब डिसेंबर २०२० पासून बाद आहे. तेव्हापासून पुट पूर्ण झालं की पुढच्या हेडला फाइल दिसते.

तरी तपासणी आणि अपलोड यांच्यामध्ये फट राहतेच. दोन काउंटरवरून एकाच वेळी विचारलं तर दोघांनाही ‘नाही’ मिळतं आणि दोघंही पट्टी चढवतात. म्हणून जिथं ‘नसेल तरच टाक’ हा हेतू आहे, तिथं आधी तपासूच नका. पुट करताना इफ-नन-मॅच हेडरमध्ये तारा द्या. ऑगस्ट २०२४ पासून एस-थ्री ते मानतं. फाइल आधीच असेल तर ४१२, म्हणजे ‘अट जुळली नाही’, येतो, मग असलेली पट्टी छापा. एकाच क्षणी दोन अपलोड भिडले तर ४०९, म्हणजे ‘टक्कर झाली’, हाही येऊ शकतो. तेव्हा अपलोड पुन्हा करा. गुगल क्लाउड स्टोरेजवर हेच काम इफ-जनरेशन-मॅच शून्य ठेवून होतं.