सीमाभागात कामगार कायद्याची वकिली: नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगावात मालकवर्गाचं काम बघायचं असेल तर पक्षकार समोर बसला की आधी विचारा, कामाची जागा कुठे आहे? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत की शिनोळीत? मालक टिळकवाडीत राहतो, माणसं दोन्हीकडे मराठीच बोलतात, हिशेबनीसही एकच असतो. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या माणसाला महाराष्ट्राचा कायदा, उद्यमबागेतल्याला कर्नाटकाचा. मालकाचं घर कुठे किंवा हेड ऑफिस कुठे, यावर हे ठरत नाही.

साधं उदाहरण घ्या. दोन्हीकडे अठरा हजार पगाराचा एकेक पुरुष कामगार आहे. शिनोळीतल्याच्या पगारातून व्यवसाय कर कापावाच लागतो: महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. उद्यमबागेतल्याचा एक पैसाही कापायचा नाही, कारण कर्नाटकात एप्रिल 2023 पासून 25 हजारांच्या आतल्या पगाराला हा कर नाही. एकच पगारपत्रक दोन्हीकडे चालवणारा मालक कुठेतरी चुकणारच, आणि ते निस्तरायचं काम तुमच्याकडे येणार.

आपण मराठी माध्यमातून आलेले, त्यामुळे हाताशी असतात ती पुण्या-मुंबईची पुस्तकं. ती वाचा, पण त्यातला महाराष्ट्राचा भाग ओळखून बाजूला ठेवा. अनुचित कामगार प्रथांचा 1971 चा कायदा महाराष्ट्राचा आहे. त्याखालची तक्रार इथे दाखलच होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल इथल्या न्यायालयापुढे दाखवता येतो, पण तो बंधनकारक नाही. आपल्याला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे बघावं लागतं. शिनोळीच्या पक्षकाराला मात्र ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ झालंय.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा, 1961 ला. खडेबाजार, गणपत गल्लीतली दुकानं, ऑफिसं यात येतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यासारखी कामगारसंख्येची पायरी यात नाही, त्यामुळे दोन गडी असलेला दुकानदारही मोकळा सुटत नाही. वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा दोन्हीकडे आहे, पण आजारपणाची वर्षाला बारा दिवस रजा हे इथलं वेगळेपण. कोल्हापूरच्या हेड ऑफिसने पाठवलेले रजेचे नियम बेळगावच्या शाखेत तसेच चिकटवले, तर हे बारा दिवस हमखास राहून जातात.

कलम 39 मात्र पाठ असू द्या. सहा महिने सलग नोकरी झालेल्या माणसाला वाजवी कारणाशिवाय काढता येत नाही, आणि एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो. गैरवर्तन असेल तर नोटीस लागत नाही, पण मग चौकशी होऊन त्यात पुरावा नोंदलेला पाहिजे. आपल्याकडे चालतं काय? गल्ल्यात पैसे कमी आले, मालकाचं डोकं फिरलं, संध्याकाळी ‘हिशेब घे आणि उद्यापासून येऊ नकोस’. माझ्याकडे आलेल्या अशाच एका प्रकरणात कागद म्हणून होता तो फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. दहा वर्षं काम केलेल्या माणसाला आपली बाजू मांडायची संधीच मिळाली नव्हती. मालकाचा संशय खरा असेलही, पण आरोपपत्र नाही, खुलासा मागवलेला नाही, साक्षीदाराचा जबाब नाही. वकिलाने तिथे काय वाचवायचं? म्हणून मालकाला आधीच सांगून ठेवा, माणूस काढायच्या दिवशी नाही, संशय आला त्याच दिवशी फोन करा. असा सल्ला देणं ही कामगाराची बाजू घेणं नव्हे. मालकाचं हित त्यातच आहे, आणि त्या माणसालाही न्याय मिळतो.

सुट्ट्यांचा 1963 चा कायदा वेगळा आहे. कर्नाटकात दहा पगारी सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर आणि पाच सणांच्या. महाराष्ट्राच्या दुकान कायद्यात आठ. 1 नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या मराठी माणसाचा काळा दिन; त्या दिवशी त्याच्या मनात काय असतं ते बेळगावकराला सांगायला नको. पण मस्टरवर ती पगारी सुट्टीच लागते, आणि त्या दिवशी काम घेतलं तर दुप्पट पगार किंवा बदली सुट्टी द्यावी लागते.

निलंबनाच्या काळातला भत्ता 1988 च्या राज्य कायद्यात आहे: पहिले 90 दिवस पन्नास टक्के, 180 दिवसांपर्यंत पंचाहत्तर, पुढे नव्वद. चौकशी रेंगाळली की मालकाचा खिसा कसा रिकामा होतो ते हे आकडे दाखवून समजावता येतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 केंद्रीय कायदे त्यात गेले. कारखाने, वेतन, औद्योगिक विवाद यांचा अभ्यास आता तिथून करा. दुकान कायदा राज्याचा, तो त्यात गेलेला नाही.

कानडी वाचायला शिका. अधिसूचना आणि कामगार खात्याची पत्रं कानडीत येतात, आणि ती दुसऱ्याकडून वाचून घेणारा वकील पक्षकाराला फार काळ पुरत नाही. पहिल्या भेटीत मस्टर, पगार रजिस्टर, रजेचं रजिस्टर आणि नेमणुकीचा ‘फॉर्म क्यू’ मागवा. नेमणूक झाल्यापासून तीस दिवसांत तो कामगाराला द्यायचा असतो. नसेल तर त्याच आठवड्यात सगळ्यांचे भरून, पोच घेऊन वाटायला लावा.