रिसीव्हरचे हात किती भरवशाचे, हे कसं जोखावं

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हरबद्दल, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूबद्दल, ‘याचे हात जबरदस्त आहेत’ असं म्हटलं जातं ते बहुतेक वेळा एखाद्या गाजलेल्या झेलावरून. २३ नोव्हेंबर २०१४ ला न्यूयॉर्क जायंट्सच्या ओडेल बेकहम ज्युनियरने डॅलस काउबॉइजविरुद्ध मागे झेपावत एका हाताने झेल घेतला आणि ४३ यार्डांचा टचडाऊन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेला. अंगाशी भिडलेल्या बचावपटूवर दंडही लागला. झेल अफाट होता. पण तो त्या खेळाडूच्या ताकदीचा पुरावा आहे, भरवशाचा नाही. भरवसा म्हणजे तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सात यार्ड हवे आहेत, मधून सेफ्टी (सगळ्यात मागे उभा असणारा बचावपटू) धावत येतोय आणि पास छातीच्या उंचीला साधा आलाय. असे शंभर पास दिले तर किती सुटतात? मोजायचं ते हेच, आणि त्याची रीत खाली दिली आहे.

आधी कॅच टक्केवारी बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात चुकीचा सल्ला म्हणजे कॅच टक्केवारी बघा. टार्गेट म्हणजे रिसीव्हरच्या दिशेने फेकलेला प्रत्येक पास. त्यातले किती झेलले, ही ती टक्केवारी. न्यू ऑर्लिन्सच्या मायकल थॉमसने २०१९ मध्ये १८५ टार्गेटपैकी १४९ झेलले, म्हणजे ८०.५ टक्के. ह्यूस्टनच्या डिअँड्रे हॉपकिन्सने २०१८ मध्ये १६३ पैकी ११५ झेलले, म्हणजे ७०.६ टक्के. यावरून थॉमसचे हात दहा टक्क्यांनी सरस ठरवणारे लेख आजही निघतात. पण सामन्यांची आकडेवारी काढणाऱ्या प्रो फुटबॉल फोकस या संस्थेच्या मोजणीत हॉपकिन्सच्या त्या मोसमातल्या ड्रॉपची, म्हणजे झेलता आले असते पण हातून सुटले अशा पासांची, संख्या शून्य आहे. न झेललेल्या ४८ पासांपैकी एकही हातातून सुटलेला नाही. ते उंच गेले, बाहेर गेले किंवा बचावपटूने उडवले. कॅच टक्केवारीत क्वार्टरबॅकची (पास फेकणाऱ्याची) अचूकता, पासची लांबी आणि रूटचा (रिसीव्हरच्या धावण्याच्या ठरलेल्या मार्गाचा) प्रकार हे सगळं मिसळलेलं असतं. पाच यार्डांवरच्या स्लँटवर, म्हणजे आत तिरप्या धावेवर, जगणारा आणि पंचवीस यार्ड खोल धावणारा यांना या एका आकड्यावर तोलणं हा अन्याय आहे.

तुलनेची यादी

कडेला उभे राहणारे बाहेरचे रिसीव्हर, त्यांच्या आतल्या बाजूचे स्लॉटमधले, टाइट एंड (अडवणारे आणि पासही झेलणारे) आणि रनिंग बॅक (मुख्यतः चेंडू घेऊन धावणारे) यांच्या चार वेगळ्या याद्या करा. शेवटच्या गटाला बहुतेक पास डाव सुरू होतो त्या रेषेच्या मागे, मोकळ्यात मिळतात, म्हणून त्यांचा आकडा कायम गोड दिसतो. किमान दोन मोसमांचे सामने घ्या.

ड्रॉपचा तयार आकडा वापरणार असाल तर

ड्रॉप हा एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) अधिकृत आकडेवारीचा भाग नाही. प्रत्येक संस्था आपापल्या नजरेने मोजते, त्यामुळे एकाच खेळाडूच्या एकाच मोसमाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. मात्र दोन संस्थांचे आकडे एका तक्त्यात कधीच घालू नका. भागाकार कशाने केलाय तेही तपासा. समजा १४० टार्गेट, ९५ झेल आणि ५ ड्रॉप आहेत. काही ठिकाणी ५ ला १४० ने भागतात, उत्तर ३.६ टक्के. काही ठिकाणी झेलण्याजोग्या १०० पासांनी भागतात, उत्तर ५ टक्के. दुसरी पद्धत बरोबर. पहिल्या पद्धतीत क्वार्टरबॅक जितका वाईट, तितके रिसीव्हरचे हात चांगले दिसतात.

कोणता पास झेलण्याजोगा होता?

सगळी मेहनत या पायरीत आहे आणि बहुतेक जण इथेच घसरतात. स्वतः मोजायचं असेल तर हा भाग सावकाश वाचा.

मैदानावर प्रशिक्षक सांगतात की बोट लागलं तर झेल झालाच पाहिजे. सरावासाठी हे वाक्य उत्तम आहे, मोजणीसाठी घातक. डोक्यावरून दोन फूट जाणाऱ्या पासवर जो जीव तोडून उडी मारतो आणि बोटांची टोकं लावतो, त्याच्या नावावर ड्रॉप चढतो. जो उडीच मारत नाही त्याची पाटी कोरी राहते. तुमची मोजणी प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देत असेल तर ती फेकून द्या.

त्याऐवजी प्रत्येक टार्गेट चारपैकी एका रकान्यात टाका. पहिला रकाना साध्या पासांचा: चेंडू गुडघा आणि डोकं यांच्यामध्ये, धाव न मोडता दोन्ही हात पोहोचतील असा आणि बचावपटूचा हात मध्ये नसलेला. दुसरा कष्टाचा: घोट्याजवळ, कमरेच्या मागे किंवा पूर्ण झेप घ्यायला लावणारा. तिसरा लढतीचा: चेंडू पोहोचला त्याच क्षणी बचावपटूचा हात चेंडूवर किंवा रिसीव्हरच्या दंडावर होता. चौथा वाया गेलेल्या पासांचा. ड्रॉपचं प्रमाण फक्त पहिल्या रकान्यातून काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं यश वेगळं लिहा. ते कौशल्य मोठं आहे, पण वेगळं आहे. दोन्हींची बेरीज करून एक आकडा काढण्याचा मोह आवरा.

लढतीचा पास ठरवताना क्रम बघा. हात आधी चेंडूला लागले आणि धडक नंतर बसली, तर तो साधाच पास आहे. धडक खाऊन चेंडू धरून ठेवणं हे रिसीव्हरचं रोजचं काम आहे. धडक आधी असेल तर लढतीचा. वेग पाव करून बघितल्याशिवाय हा क्रम कळत नाही. सामना थेट बघताना केलेली नोंद रद्दच समजा, त्यातही भारतात रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होणारे सामने जागून बघत असाल तर जास्तच.

इथे एक इशारा. हातांचा सगळ्यात वाईट दोष ड्रॉपच्या आकड्यात सहसा दिसत नाही. मधल्या भागात पास येतो, समोर सेफ्टी दिसतो आणि रिसीव्हर कोपर पोटाशी आखडून घेतो. चेंडू बोटांच्या वितभर पुढून निघून जातो. हात लागलाच नाही, म्हणून ड्रॉप नाही, आणि समालोचक दोष देतो क्वार्टरबॅकला. यासाठी ‘हात आखडले’ असा स्वतंत्र रकाना ठेवा आणि मैदानाच्या मधल्या भागातले न झेललेले सगळे पास त्यासाठी परत बघा. मोसमात असे तीन-चार पास सापडले, तर त्या खेळाडूला भरवशाचा म्हणू नका, मग त्याचं ड्रॉपचं प्रमाण कितीही कमी असो.

उलट बाजूने, झेल म्हणून नोंदले गेलेले काही पास शंकास्पद असतात. चेंडू आधी छातीवर आदळला आणि मग कवटाळला, किंवा हातात दोनदा उडून तिसऱ्यांदा स्थिरावला. नोंद झेल अशीच ठेवा, पण पुढे खूण करा. छातीवर घेतलेला चेंडू जोरात आला की उसळतो, आणि थंडीत तो आणखी कडक लागतो. ज्याच्या झेलांपुढे अशा खुणा जास्त, त्याचा आज दिसणारा चांगला आकडा टिकत नाही.

जमिनीवर पडताना सुटलेले पास वेगळे मांडा. एनएफएलने २०१८ मध्ये झेलाचा नियम बदलला: चेंडूवर ताबा, दोन्ही पाय किंवा शरीराचा दुसरा भाग मैदानाच्या आत, आणि मग तिसरं पाऊल किंवा चेंडू पुढे नेण्यासारखी एखादी हालचाल. त्याआधी जमिनीला टेकूनही ताबा सुटू नये अशी अट होती. ११ जानेवारी २०१५ ला ग्रीन बेमध्ये डेझ ब्रायंटचा झेल रद्द झाला तो याच अटीवर. म्हणून २०१८ च्या आधीचे आणि नंतरचे असे पास एका आकड्यात मिसळू नका.

हात बघायचे म्हणजे काय बघायचं

‘ऑल-२२’ चित्रफीत या कामाला निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात बावीसही खेळाडू दिसतात, रूट दिसतो, पण बोटं दिसत नाहीत. प्रक्षेपणातला जवळचा रिप्ले वापरा, त्यातही एंड झोनमागच्या कॅमेऱ्याचा.

चेंडू सुमारे २८ सेंटिमीटर लांब, ४०० ते ४२५ ग्रॅम वजनाचा आणि दोन्हीकडे टोकदार असतो. छातीच्या वर आला तर अंगठे एकमेकांजवळ हवेत, कमरेखाली आला तर करंगळ्या. पोट ते छाती या पट्ट्यात हात कसे वळवायचे याचा निर्णय अर्ध्या क्षणात घ्यावा लागतो, आणि साधे दिसणारे सगळ्यात जास्त पास इथेच सुटतात. झेल शरीरापासून पुढे, कोपर किंचित वाकवून घेतलेला असावा, म्हणजे हात चेंडूबरोबर थोडे मागे येतात. क्रिकेटमध्ये स्लिपमधला खेळाडू हात मागे सोडत झेल घेतो, तेच तत्त्व. ताठ हातांनी टाळी वाजवल्यासारखा झेल घेणाऱ्याचा चेंडू निसटतो.

नंतर डोकं बघा. चेंडू काखेत दाबला जाईपर्यंत नजर त्यावर हवी. साधे पास सुटण्याचं मोठं कारण हात नसून मान असते: चेंडू बोटांत येण्याआधीच पुढे धावायची जागा शोधायला ती वळते. असे ड्रॉप सरावाने कमी होतात. खांद्यावरून येणारा खोल पास वारंवार चुकणं मात्र नजरेचा अंदाज कच्चा असल्याची खूण आहे आणि ते सहसा सुधारत नाही. खोल पासवर हात किती उशिरा वर येतात तेही लिहा. पाठीमागून धावणारा कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू) चेंडू बघत नसतो, रिसीव्हरचे हात बघत असतो. लवकर हात वर करणारा स्वतःच त्याला वेळ सांगतो.

डावखुऱ्या क्वार्टरबॅकचा चेंडू उलट्या दिशेने फिरतो. तुआ टॅगोवायलोआसारखा डावखुरा क्वार्टरबॅक असताना संघात नव्याने आलेल्या रिसीव्हरला सुरुवातीच्या सामन्यांची सूट द्या.

हातांचं माप, म्हणजे ताणलेल्या पंजाचं अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर, कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडचाचणीत घेतात. त्यावरून काही ठरवू नका. हातमोजे जवळपास सगळेच घालतात. हाताला लावायचा चिकट लेप १९८१ पासून बंद आहे.

आकडे कमी असतात, हे विसरू नका

नियमित रिसीव्हरला मोसमात झेलण्याजोगे पास शंभराच्या आसपास मिळतात. ज्याचं खरं प्रमाण ५ टक्के आहे, त्याचे शंभरात बरोबर ५ सुटतील असं नाही. निव्वळ योगायोगाने सुमारे तीन-चतुर्थांश मोसमांत ते ३ ते ७ च्या दरम्यान पडतील आणि उरलेल्या मोसमांत त्याच्याही बाहेर. म्हणजे यंदा ३ ड्रॉप आणि गेल्या वर्षी ७ यावरून ‘हात सुधारले’ असं लिहिणारा काहीच सिद्ध करत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येकाच्या ड्रॉपमध्ये ५ आणि साध्या पासांत १०० मिळवा, मग भागा. ३० पासांत शून्य ड्रॉप असलेल्याचा कच्चा आकडा ० टक्के, पण दुरुस्त आकडा ५ भागिले १३०, म्हणजे ३.८ टक्के. २४० पासांत ६ ड्रॉप असलेल्याचा कच्चा आकडा २.५, दुरुस्त आकडा ११ भागिले ३४०, म्हणजे ३.२ टक्के. दुसरा वर, आणि ते योग्यच आहे, कारण त्याने जास्त वेळा सिद्ध केलंय. ५ टक्के ही सोयीसाठी धरलेली सरासरी आहे. तुमच्या यादीची स्वतःची सरासरी निघाली की तिथे ती घाला.

लॅरी फिट्झजेराल्डचं नाव या चर्चेत आदराने घेतलं जातं ते याच कारणाने. २००४ ते २०२० पर्यंत ॲरिझोनाकडून १,४३२ झेल, आणि पुढे फक्त जेरी राइस, १,५४९ वर. इतक्या झेलांत योगायोगाला फारशी जागा राहत नाही.

क्रमवारी लावताना

दुरुस्त आकड्याने क्रम लावा. अर्ध्या टक्क्याच्या आत असलेल्यांना बरोबरीत ठेवा आणि बरोबरी आधी ‘हात आखडले’ रकान्याने सोडवा, मग छातीवर घेतलेल्या झेलांच्या खुणांनी. पाऊस आणि गोठवणाऱ्या थंडीतल्या सामन्यांवर खूण हवी. ते गाळू नका, पण दोन खेळाडूंमधला सगळा फरक तेवढ्याच सामन्यांतून येत असेल तर बरोबरीच द्या.

ही क्रमवारी हातांची आहे, खेळाडूंची नाही. २००६ मध्ये टेरेल ओवेन्सने लीगमध्ये सर्वाधिक, १३ झेलांवर टचडाऊन केले, आणि ड्रॉपच्या यादीतही तो त्या वर्षी वरच होता. जो सतत मोकळा होतो त्याला पास जास्त मिळतात आणि त्याचे सुटतातही जास्त. फँटसी संघ निवडताना ड्रॉपच्या भीतीने असा खेळाडू सोडू नका.

कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूसाठी हीच रीत वापरा, दोन बदल करून. तिथे एक पाय आत असला तरी झेल धरतात, म्हणून कडेचे झेल पुन्हा तपासा आणि दुसरा पाय आत पडला असता का ते बघा. इंडियानापोलिसच्या निवडचाचणीत आडवं धावत दोन्ही बाजूंनी एकामागून एक येणारे पास झेलायचा जो सराव दाखवतात, तो फक्त हातांची ठेवण आणि मानेची सवय बघण्यापुरता वापरा. तिथे बचावपटू नसतो, त्यामुळे हात आखडतात का हे कॉलेजच्या सामन्यांतल्या मधल्या पासांवरूनच शोधावं लागेल.